ग्लिसरॉलवर न उगवलेले यीस्ट

मी, डॉ. अपर्णा दयाराम गजभिये, वय ६२, निवृत्त संशोधक, राहणार पुरानी बस्ती, रायपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गाठ पोटात आहे, डोक्यात नाही, तसे डॉ. शिशिर रामटेके यांनी तपासून पाहिले आहे. कोणाची जबरदस्ती नाही. माझ्यावर जबरदस्ती करू शकणारे केव्हाच गेले.

१. घर, सामान व बँकेतील ठेव माझा भाचा प्रशिक यास. उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात शिफ्ट करून तो सारखा खोकत असतो. त्याने आधी दवाखान्यात जावे. मावशीने मराठीत विचारले तरी तो हिंदीत उत्तर देतो, ते माफ.

२. माझा मायक्रोस्कोप आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, शाळेला. कपाटात कुलूप लावून ठेवणार असतील तर देऊ नये.

३. माझी प्रयोगशाळा बळकावणाऱ्या विभागप्रमुखांना शोकसभेत बोलू देऊ नये. दोन मिनिटेही नाही.

४. हे लिहायला चार महिने लागले. यीस्ट उपाशी पडले की अर्धगुणसूत्री विभाजन करून चार बीजाणू बनवते. ही प्रक्रिया सुरू करणारे जनुक मला सापडले, ते काढून टाकले की बीजाणू होत नाहीत, असा माझा शोधनिबंध आहे. नोकरी, नाव, सगळे त्यावरच मिळाले. अभनपूरची माझी विद्यार्थिनी रीना साहू हिने तेच जनुक काढून यीस्ट नव्याने तयार केले, तर बीजाणू झाले. चांगले चार-चार. तू ट्यूबांची अदलाबदल केलीस, असे मी तिला सगळ्यांसमोर म्हटले. ती पीएच.डी. सोडून गेली.

पुढे कधीतरी मी माझे निबंधातले जुने यीस्ट ग्लिसरॉलच्या प्लेटवर टाकले. धडधाकट यीस्ट तिथे उगवते. माझे उगवले नाही. त्याची श्वसनाची ताकदच गेलेली होती. जनुक असो वा नसो, त्याला बीजाणू होणारच नव्हते. ही चाचणी सर्वांत आधी करायची असते, हे मीच दरवर्षी मुलांना शिकवत होते.

माझ्या मृत्यूनंतर प्रशिकने सोबतचे पत्र नियतकालिकाला पाठवून निबंध मागे घ्यावा. रीना बरोबर होती, असे त्यात लिहिले आहे.

सहीपूर्वीची नोंद: हे वाचून दाखवले तेव्हा साक्षीला आलेल्या भीमाबाईंनी पेन खाली ठेवला. वीस वर्षे त्यांनी माझ्या प्रयोगशाळेतले काचसामान धुतले आहे. म्हणाल्या, "बाई, मेल्यावर काहून? पोट्टी तं जित्ती हाय."

मला राग आला. मग फार लाज वाटली. पत्र साक्षीदारांसमोर आजच पाठवले आणि रीनाला फोन लावला. तिने सगळे ऐकून घेतले. मग एकच विचारले, "मैडम, वो प्लेट आपने कब डाली थी?"

मी खरे ते सांगितले. अकरा वर्षांपूर्वी, ती गेली त्याच आठवड्यात. तिचे नाव पीएच.डी.च्या रजिस्टरमधून कमी व्हायला अजून महिना होता.

तिने फोन ठेवला. मी पुन्हा लावला नाही.

कलम ४ मधील काम आज झाले असल्याने प्रशिकवर त्याची जबाबदारी नाही. बाकी कलमे कायम.

सही: अपर्णा दयाराम गजभिये
साक्षीदार: १) डॉ. शिशिर रामटेके २) भीमाबाई वासनिक
रायपूर, ९ नोव्हेंबर २०२५