प्रिंटरची जागा

सोमवार, ३ फेब्रुवारी

नेटवर्कचं काम माझ्या गळ्यात पडलं. साहेब म्हणाले, "हेड ऑफिसला आपल्या शाखेचा नकाशा हवाय. कुठला कॉम्प्युटर कुठे, तार कुठून, प्रिंटर कुठे. तुम्हीच करा, तुम्हाला त्यातलं कळतं." मला काय कळतं? एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता काढला होता, तेवढंच. वासरांत लंगडी गाय शहाणी!

पण मनातून बरं वाटलं. पन्नाशीला टेकल्यावर नवा धडा मिळाला, ही देवाची कृपाच.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

नेटवर्कच्या सामानाच्या पुरवठादाराकडची इंजिनिअर मुलगी फोनवर बराच वेळ समजावत होती. इंटरनेट बाहेरून राउटरमध्ये येतं, तिथून स्विच नावाच्या डबीत, आणि डबीतून प्रत्येक टेबलाला वेगळी तार. "कळलं ना काका?" कळलं. शाळेत गुरुजी नकाशा काढताना आधी नदी काढायला लावत. नदी बसली की गावं आपोआप बसतात. संध्याकाळी मोठ्या कागदावर नदी काढली — दारापासून मधल्या भिंतीपर्यंत. मग पाट. मग सहा टेबलं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

सकाळी जपाला बसलो. डोळे मिटले तर स्विचचे हिरवे दिवे लुकलुकायला लागले. देवा, तूच समजून घे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

कुणाला काय हवं, विचारत फिरलो. ट्रकांचा हिशोब बघणारा म्हणाला, "मला पंख्याखालची जागा." म्हटलं, मी नेटवर्क लावतोय, वारा नाही.

मग थोरली आणि धाकटी. दोघी सख्ख्या जावा, नोकरीला एकाच शाखेत. थोरली मालाच्या पावत्या करते, धाकटी जमाखर्च. काही वर्षांपूर्वी घरात चूल वेगळी झाली, तेव्हापासून अबोला. गंमत म्हणजे दोघे भाऊ रोज एकत्र चहा पितात. भांडण बायकांच्या पदरात टाकून मोकळे झालेत.

सध्या प्रिंटर एकच, थोरलीच्या कॉम्प्युटरला जोडलेला. धाकटी पेनड्राइव्ह आणून तिच्या टेबलावर ठेवते. थोरली छापते आणि कागद पालथे ठेवते.

धाकटी हळूच म्हणाली, "दादा, नेटवर्क आलं की मला वेगळा प्रिंटर द्या. त्या टेबलाची पायरी चढायला नको."

थोरलीला विचारलं. "माझं काही नाही. ज्यांना वेगळं राहायची हौस आहे, त्यांना वेगळा द्या." — धाकटीला नीट ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

इतक्या वर्षांत दोघींचं पहिल्यांदा एकमत झालं, तेही हे!

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

दुसरा प्रिंटर मिळणार आहे, नकाशावर फक्त फुली मारायची. हात उचलत नाही. दिवसातून दोन-चारदा धाकटी त्या टेबलापाशी जाते, एवढंच नातं उरलंय. ते माझ्या हाताने तोडायचं?

बायकोला सांगितलं. म्हणाली, "तुम्ही तारा ओढा. माणसं जोडायला देव आहे."

"देवालाही शिडी धरायला कुणीतरी लागतं."

"मग धरा. अंगावर पडली तर मला हाक मारू नका."

रविवार, ९ फेब्रुवारी

गावी विहीर एकच होती. दोन घरांचं कितीही वाकडं असो, घागर घेऊन तिथेच यावं लागे. आणि घागर भरेपर्यंत माणूस किती वेळ गप्प उभा राहणार?

प्रिंटर एकच ठेवला. मधल्या भिंतीशी, दोघींपासून सारखा लांब. दोघींना उठावं लागेल. स्विचही तिथेच, पिण्याच्या पाण्याच्या मशीनवर.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

इंजिनिअर मुलगी जागा बघायला आली आणि नकाशा बघून हसतच सुटली. "काका, पाण्याच्या डोक्यावर स्विच?" पाणवठा डोक्यात जरा जास्तच भरला होता. स्विच भिंतीवर उंच गेला. एका प्रिंटरचं मात्र तिला पटलं — देखभाल सोपी. साहेबांची सही झाली. धाकटीने माझ्याकडे असं पाहिलं की मी दुपारचा डबा मान खाली घालून खाल्ला.

सोमवार, १७ फेब्रुवारी

नेटवर्क चालू! सहाही टेबलांवरून कागद निघतो. साहेबांनी स्वतःचं नाव तीनदा छापून पाहिलं.

दोघी प्रिंटरपाशी एकदाच समोरासमोर आल्या. एकीने खिडकीकडे पाहिलं, दुसरीने पंख्याकडे.

बुधवार, १९ फेब्रुवारी

माझं चुकलं. थोरलीचे गुडघे! पूर्वी प्रिंटर तिच्या हाताशी होता, तिला उठावंच लागत नव्हतं. आता प्रत्येक पावतीला टेबलाच्या कडेवर हात रोवून उठते, भिंतीच्या आधाराने जाते. टेबलं मोजली, खुर्च्या मोजल्या, माणसाचे गुडघे नकाशात घेतलेच नाहीत. विहिरीची आठवण आली, पण तिथे म्हाताऱ्यांचं पाणी दुसरं कुणी भरत असे, ते विसरलो.

तिला म्हटलं, "प्रिंटर हलवून देतो."

"राहू द्या दादा. तुमचा नकाशा मोडायला नको."

टोमणा होता की माया, कळलं नाही. रात्री देवाला फक्त एवढंच म्हटलं — शिडी पडली.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

धाकटी आपले कागद घ्यायला उठली. थोरली खुर्चीच्या कडेला आली होती, उठायच्या बेतात. धाकटीने तिच्याही पावत्या उचलल्या आणि जाता जाता तिच्या टेबलावर ठेवल्या. सुलट्या.

थोरली परत मागे टेकून बसली.

शनिवार, २२ फेब्रुवारी

आजही. दिवसभर.

सोमवार, २४ फेब्रुवारी

धाकटी माझ्या टेबलापाशी आली. "दादा, प्रिंटर पहिल्या जागी ठेवा, ताईंच्या हाताशी. मी जात जाईन."

मागून थोरली म्हणाली, "आणि आलीस की खुर्ची ओढून बसत जा. पोलिसासारखी उभी राहतेस."

इंजिनिअर मुलीला फोन केला. तार लांबवायची आहे, शिडी धरायला मी आहे.