धुतलेली अकरा अंडी

प्रिय आत्याबाई,

सासूला पत्र लिहायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. तुम्ही होतात तेव्हा चुलीपासून हाक मारली की भागायचं. पण आज उबवणीचा एकविसावा दिवस आहे, तांबडी कोंबडी अजून अंड्यांवर गप्प बसून आहे, आणि मी जे पोटात दडवलंय ते तुमच्याशिवाय कुणाला सांगू?

रवणाची, उबवायची अंडी मी धुतली हो!

तुम्हाला नेलं त्याच्या तिसऱ्या दिवशी राख सावडून माणसं परत आली. घर धुवायचं होतं. भांडी, पाट, उंबरा, हाताला लागेल ते मी धूत सुटले. रडू येत होतं म्हणून जास्तच घासत होते. माठाशेजारी गारव्याला तुमची ज्वारीची टोपली होती. तिच्यात उबवायला राखलेली अकरा अंडीही मी बादलीत बुडवून लख्ख केली. कुठलं अंडं कुठल्या दिवशीचं, हे तुमच्या कोळशाच्या रेघा सांगायच्या. त्याही पुसल्या! शेजारच्या काकू ओरडल्या तेव्हा भानावर आले. "आगं, रवणाची अंडी कोन धुतं? वरचा लेप गेला की आत सडतंय सगळं!"

तुमचीही कमाल आहे, आत्याबाई. नऊ वर्षं त्या टोपलीला मला हात लावू दिला नाहीत. "तू लातूरची, तुला दुकानातली अंडी ठाव," म्हणून हसायचात. टोक खाली ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ कूस बदलायची, एवढं मी लांबूनच पाहिलं. धुवायची नाहीत, हे एक सांगायला काय झालं होतं?

दुसरी अंडी तरी कुठून आणू? तुम्हाला नेतानाच्या गडबडीत खुराडं उघडं राहिलं आणि कुत्र्यांनी तुमचा उलट्या पिसांचा कोंबडा नेला. नायगावकडून, माहेराहून आणलेलं ते बेणं. आता या अकरांत असेल तर असेल, नाही तर संपलं.

आणि मामा! लग्नापासून तुमच्यासमोर बसून जेवलेला माणूस, आता अर्धी भाकर तशीच सारून उठतो. तांबडी खुडूक होऊन, उबवायला बसायच्या ओढीनं अंग फुगवून कुरकुरत होतीच. मी अंडी धुतली त्याच संध्याकाळी मामांनी स्वतः तिला अंड्यांवर बसवली. तेव्हापासून तिच्याजवळच बसून असतात. "आज कितवा दिस गं?" म्हणून रोज विचारतात. मी आकडा सांगते, पण खरं सांगायला तोंड उघडत नाही. आठव्या दिवशी मोबाईलचा उजेड लावून, आत जीव धरलाय का ते बघणार होते. पण धीर झाला नाही, अंडं तसंच परत ठेवलं.

आज दुपारी एकेका अंड्याला कान लावला. आत काही हलतंय का? टोच मारतंय का? काहीच नाही. मामा माझ्याकडे बघत होते. मग मला राहवलं नाही. बादली, रेघा, सगळं सांगून टाकलं.

मामांनी तांबडीच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "ठाव हाय मला. अंडी हातात घेतली तवाच कळलं. तुझ्या सासूनंबी लग्नाच्या पयल्या साली हेच केलं व्हतं. माझ्या मायनं लई शिव्या घातल्या. तेरा अंड्यांत चार पिल्लं निघाली, बग."

आत्याबाई! नऊ वर्षांत हे एकदाही सांगितलं नाहीत! इतकी लाज वाटत होती? म्हणून मला टोपलीजवळ फिरकू देत नव्हतात का? मला एकदम तुमचा राग आला, आणि तुमची फार आठवण आली.

अजून एकही अंडं फुटलेलं नाही. जीव थाऱ्यावर नाही. उद्या वाट पाहीन, परवाही पाहीन, तोवर तांबडीला उठवणार नाही. काहीच निघालं नाही तर तिला बोल लावणार नाही, चूक माझी होती म्हणून सगळ्यांना सांगेन. आणि पिल्लं निघोत न निघोत, मामांची भाकर संपेपर्यंत रोज त्यांच्यासमोर बसेन. हे नक्की.

तुमची,
या घरात अंडी धुणारी दुसरी सून,
सुरेखा