लाल मोटारीचं स्टिअरिंग

बाबा,

तुमची लाल मोटार दुरुस्त करायला घेतली त्याला महिना झाला. अकोल्याची खोली सोडून आईला मी अमरावतीला माझ्याकडे आणलं, तेव्हा तिच्या पत्र्याच्या पेटीत तळाशी त्या खेळण्याचा खोका निघाला. मोटारीचं छत दबलेलं, एक दार निखळलेलं, चाकांचा आस गंजून मोडलेला. सगळे भाग मी कोमट साबणाच्या पाण्यात भिजवले, तुमचा पिवळा पडलेला गोंद ब्लेडच्या टोकानं खरवडला, सायकलच्या चाकाची तार कापून नवा आस घातला. पन्नाशीच्या बाईनं खेळणं घेऊन बसावं याची शेजारणीला फार मजा वाटते. वाटू दे. मी रोज तासभर भिंग घेऊन बसायचे.

तुम्हाला आठवत असेल, तो संच, ज्यांची जीप तुम्ही चालवायचात त्या साहेबांच्या मुलाला कुणीतरी परदेशातून आणला होता. सुटे भाग जोडून मोटार करायची. त्याला कंटाळा आला आणि बाईसाहेबांनी तो तुमच्या हाती आपल्याकडे धाडला. वर्षभर कपाटावर पडून होता. तुम्ही तो खाली काढलात ते मूर्तिजापूरच्या रस्त्यावर तुमच्या जीपखाली तो सायकलवाला गेल्यानंतर. निलंबनाचा कागद आला होता. तुम्ही जेवत नव्हता, कुणाशी बोलत नव्हता, गल्लीत सायकलची घंटी वाजली की उठून पाणी प्यायचात. ब्रेक नीट लागत नाही हे तुम्ही आठवडाभर आधीच वर्कशॉपमध्ये सांगितलं होतं, पण तोंडी. तिथले लोक आता नाकारत होते. चौकशीत तुमच्या बाजूनं फक्त तुमची आठवण होती.

मी सातवीत होते. इंग्रजी कागद मी वाचायचा आणि भाग तुम्ही जोडायचे, अशी आपली वाटणी. ‘वाच बाई, पुढं काय म्हन्ते कागद?’ मला अर्धं कळायचं नाही, मी ठोकून द्यायचे, आणि तुम्ही चित्र पाहून बरोबर जोडायचात. शाळेतून आलं की बाप घरी, हे मला तोवर माहीतच नव्हतं; तुम्ही सदा दौऱ्यावर. एक माणूस मेला होता, घरात चूल पेटत होती ती मामाच्या धान्यावर, आणि तरी ते माझ्या लहानपणातले सगळ्यात चांगले दिवस होते. याची मला अजून लाज वाटते. मग एका संध्याकाळी तुम्ही म्हणालात, ‘आता स्टिअरिंग लावलं का झाली गाडी. गाडी झाली का मी बी लागतो ड्युटीवर.’ तुम्ही आपलं सहज बोललात. पाच पैशाएवढं ते चाक तुम्ही काडेपेटीत ठेवलंत. सकाळी शाळेत जाताना मी ते काढलं आणि कंपासपेटीत, कोनमापकाखाली दडवलं.

तुम्ही चार दिवस शोधलंत. खोका पालथा केलात, गादी उसवलीत, खाटेखाली पालथे पडलात. कधी आवाज न चढवणारे तुम्ही आईवर ओरडलात, ‘केरात टाकलं अशीन! डोये फुटले का तुहे?’ ती बिचारी उकिरड्यावर जाऊन हातानं केर चाळत बसली. मी दारात उभी राहून पाहत होते. तेव्हा दिलं असतं तरी चाललं असतं, पण तो आवाज माझ्यावर येईल म्हणून दातखीळ बसली. तुम्ही मला विचारलंत, ‘बाई, तू त नाही पायलं?’ मी नाही म्हटलं. तुम्हाला ते लगेच पटलं.

‘डबीत ठेवलं होतं, मले पक्कं याद हाये,’ तुम्ही खाटेवर बसून म्हणालात. ‘पन डबीत त नाही. मंग माह्या डोस्क्याचा काय भरोसा?’

पुढच्या आठवड्यात चौकशी झाली. घरी येऊन तुम्ही आईला सांगितलंत, ‘ब्रेकचं इचारलं त्याईनं. मी म्हनलं, सांगतलं असन साहेब, आता पक्कं नाही सांगता येत.’

‘काहून असं बोलले तुमी?’ आईनं कपाळावर हात मारला. ‘तुमी घरी येऊन सांगतलं होतं मले!’

‘मले आता कशाचीच खात्री वाटत नाही,’ तुम्ही म्हणालात.

नोकरी गेली. कापसाच्या जिनिंग गिरणीच्या फाटकावर तुम्ही राखणदार झालात, कुणाची सायकलसुद्धा हातात धरली नाही, आणि दोन वर्षांत गेलात. इतक्या वर्षांत मी स्वतःला हजारदा सांगितलं की निकाल तसाही तोच लागला असता. कदाचित लागला असता. पण तुम्ही स्वतःला खोटं समजत मेलात, ते माझ्यामुळे.

परवा मोटार पूर्ण झाली. कंपासपेटीतून लग्नानंतर दागिन्यांच्या डबीत गेलेलं ते चाक मी जागेवर चिकटवलं. आईनं मोटार हातात घेतली आणि बोटानं स्टिअरिंग चाचपलं.

‘हे कोठी सापडलं वो?’

‘खोक्याच्या तळाशी,’ मी म्हटलं.

‘तिथी त त्याईनं धा खेपा पायलं होतं.’

‘दिसलं नसेल त्यांना.’

तिनं मोटार खाली ठेवली. मग म्हणाली, ‘हो. तवा त्याईचं ध्यानच रायत नव्हतं.’ आणि बाबा, मी मान हलवली.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, कळतं मला. पण जिला वाचून दाखवता येईल, जिनं त्या दिवशी उकिरडा चाळला, ती शेजारच्या खोलीत मेथी निवडत बसली आहे. तिला मी हे वाचून दाखवणार नाही.