राजाच्या मोटारीला मुशीचा वास

मी, गोटीराम चांगदेव तांडेल, वय बासष्ट, धंदा मोटारदुरुस्ती, राहणार मौजे करावे, तालुका व जिल्हा ठाणे, आपल्या घराच्या ओटीवर बसून हे मृत्युपत्र सांगत आहे. लिहून घेणारे बेलापूरच्या शाळेचे कमळाकर मास्तर. माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरण शाबूत आहे आणि कान तर जरुरीपेक्षा जास्त शाबूत आहेत. पनवेलच्या डॉक्टरांनी गेल्या महिन्यात माझ्या छातीला नळी लावली, तेव्हा मीच म्हटलं, "डॉक्टरसाहेब, डावीकडचा व्हॉल्व्ह सैल झालाय, मला इथपर्यंत ऐकू येतंय." ते हसले, मग त्यांनी ऐकलं, मग हसायचे थांबले. म्हणून हा कागद. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. बायकोचा आहे, पण तो चाळीस वर्षे जुना. त्याला कायद्यात दबाव म्हणत नाहीत, असे मास्तर सांगतात.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, तेव्हा रद्द करण्यासारखा कागद नाही. रद्द करण्यासारखी एक गोष्ट आहे, ती कलम चारमध्ये येईल.

कलम १. करावे येथील राहते घर, मागचे दोन माड आणि पोस्टातली पुस्तके माझी पत्नी शेवंताबाई हिला. पुस्तके मी कुठे लपवली आहेत ते वेगळे लिहीत नाही, कारण तिला ठाऊक आहे. तिला ठाऊक आहे हे मला ठाऊक आहे, हे मात्र तिला आज कळेल.

कलम २. बेलापूर रस्त्यावरचे गॅरेज, सगळे पाने, जॅक आणि लेथ माझी मुलगी चंदा हिला. लोक म्हणतील, बाईमाणसाला पाने-हातोडे कशाला? त्यांना सांगावे की चंदा उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडते आणि मान वर न करता म्हणते, "बाबा, त्या लॉरीचा तिसरा सिलिंडर मरतोय." मी जाऊन बघतो तर तिसराच असतो. गॅरेजचा एक नियम तिने मोडू नये. गाडीतून जो भाग काढला, तो कागदात गुंडाळून मालकाच्या हाती द्यायचा. नवा घातला की नुसता पुसून तोच बसवला, हे मालकाला कळलं पाहिजे. मुंबईचे मोटारवाले ठाण्याचा वळसा घालून माझ्याकडे येतात ते या कागदाच्या पुडीसाठी. तीस वर्षांत मी जुना प्लग नवा म्हणून कुणाच्या गळ्यात मारलेला नाही.

कलम ३. जीप माझे जावई जयदेव तुळशीराम नाखवा यांना. जावई सोन्यासारखे आहेत. मोटारींचा शौक इतका की झोपेत गिअर बदलतात, असे चंदा सांगते. कान मात्र शोभेचे आहेत. जीप खडखडू लागली तर त्यांनी गाणे म्हणू नये, चंदाला विचारावे.

कलम ४. घराशेजारच्या मांडवात मरून रंगाची जी ब्यूक मोटार उभी आहे, जिला शौकीन मंडळी 'संस्थानची गाडी' म्हणतात, तिच्याविषयी मी शपथेवर सांगतो की ती कोणत्याही संस्थानची नाही. तिच्यात कोणताही राजा बसलेला नाही. बसला असता तर मागच्या सीटची स्प्रिंग त्याने सोसली नसती.

सन १९५१ साली कुर्ल्याच्या भंगारात मला तिचा सांगाडा मिळाला. इंजिन होते, चाके तीन होती, लाकूड सगळे वाळवीने खाल्ले होते. त्या काळच्या मोटारीचे अंग बाहेरून पत्र्याचे दिसते, पण आत लाकडाचा पिंजरा असतो आणि पत्रा त्याच्यावर ठोकलेला असतो. सांगाडा ट्रॉम्बेच्या बंदरापर्यंत लॉरीने आणला आणि तिथून खाडी ओलांडून मचव्यातून करावेला. मचवा धर्मराज शिवा कोळी याचा. धर्मराज होड्या बांधतो. आम्ही दोघे एकाच चिखलात चिंबोऱ्या धरत वाढलो. त्याने त्या सांगाड्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "गोट्या, ही तं उलटी होडी हाय."

दोन वर्षे तो त्या उलट्या होडीवर खपला. होड्यांचे उरलेले सागवान, तासायला एक वाकस, कोरायला एक पटाशी, बस. प्रत्येक तुकडा बसवण्याआधी बोटाच्या पेराने ठोकायचा आणि कान लावायचा. मी इंजिन ऐकतो, तो लाकूड ऐकतो. शेवटी होडीला देतात तसे मुशीच्या तेलाचे तीन हात दिले. मी म्हटलं, "अरे, मोटारीला माशाचं तेल?" तो म्हणाला, "खाऱ्या वाऱ्याला दुसरा औषद नाय."

आता खोट्याकडे येतो. एके दिवशी गाडी गॅरेजवर उभी होती आणि मुंबईचे एक गृहस्थ पंख्याचा पट्टा तुटला म्हणून थांबले. विचारू लागले, "काय हो, ही कुणाची?" माझे हात ग्रीसमध्ये होते. मी सहज म्हटलं, "राजेसाहेबांची." "कुठल्या?" एवढ्या पटकन राजा कुठून आणू? मी म्हटलं, "संस्थानं गेली साहेब, आता नाव कशाला काढायचं?" त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "याला म्हणतात खाल्ल्या मिठाला जागणं!" पुढच्या रविवारी दारात चार मोटारी.

त्यानंतर मला खोटे बोलावेच लागले नाही. मी गप्प बसलो की शौकीन बोलत. मोटारीच्या दाराशी एक तुटका हूक होता, तिथे राजाची बंदूक अडकत असे, हे एका डॉक्टरांनी शोधून काढले. खिडकीला पडदा लावला तर तो राणीसाहेबांचा ठरला. तो शेवंताबाईचा लग्नातला शालू आहे. ती अजून म्हणते, "मोटारीत राणी मीच, आनि पाट्यावर मसाला वाटते ती पन मीच!" उन्हाळ्यात लाकूड तापले की तेलाचा वास सुटायचा. मंडळी डोळे मिटून लांब श्वास घ्यायची आणि म्हणायची, "वा! ओरिजिनल लेदर!" मासळीची पाटी घेऊन जाणारी गंगू एकदा मांडवाशी थांबली, दोनदा हुंगलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "गोटीभाऊ, तुजा राजा मुशी खायचा का रं?" शौकिनांना तिची बोली कळली नाही. करावे गावाच्या नाकाला सगळे ठाऊक होते. गावाने तोंड उघडले नाही, हे गावाचे उपकार.

सन १९५८ च्या जानेवारीत मुंबईत जुन्या मोटारींचा मेळा भरला. सर्वांत अस्सल गाडीला चांदीचा कप. धर्मराज बरोबर आला. त्या दिवसासाठी त्याने नवा पांढरा सदरा शिवला होता. हॅटवाले परीक्षक साहेब आले, दाराच्या चौकटीला भिंग लावले, सांध्यावरून बोट फिरवले आणि चार जणांना ऐकू जाईल असे म्हणाले, "हा सांधा बघा. आपल्या देशात एकाही हाताला हे काम येणार नाही. हे विलायतेचंच. बरोबर ना, तांडेल?"

धर्मराज माझ्या कोपराशी उभा होता. मला नुसतं बोट दाखवायचं होतं.

मी म्हटलं, "बरोबर, साहेब."

कप घेऊन वळलो तर धर्मराज बॉनेट पुसायचे फडके घडी करून मोटारीच्या पायरीवर ठेवत होता. म्हणाला, "गोट्या, मी लाँचीनं जातो." आणि भाऊच्या धक्क्याकडे चालू लागला. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोललेला नाही. माझ्या आणि त्याच्या घरादरम्यान अकराच दारे आहेत. मी त्याच्या अंगणावरून गेलो की वाकसाचा घाव जोरात पडतो. मला सगळे आवाज कळतात, हीच माझी पंचाईत.

माणसे म्हणतील, दहा वर्षांनी हे कशाला? कारण येत्या रविवारी पुन्हा मेळा आहे आणि जयदेवरावांनी गाडीचे नाव दिले आहे. यंदा मंडळी अस्सल गाड्यांचे पुस्तक छापणार आहेत. जावयांनी फॉर्ममध्ये राजाची वाघाची शिकारही घातली आहे. एकदा ते छापले की धर्मराजचा हात कायमचा विलायतेचा होईल. मी ज्या नियमावर नाव कमावले, त्याच नियमाने मी चोर आहे. गाडीतून मी धर्मराजचे नाव काढले आणि ते मालकाला परत दिलेले नाही.

कलम ५. म्हणून सदर मोटार धर्मराज शिवा कोळी यास द्यावी. तिच्या पुढच्या फळीवर पितळेची पट्टी ठोकावी. मजकूर असा: 'सांगाडा कुर्ल्याच्या भंगारातला. लाकूडकाम धर्मराज कोळी, करावे. पडदे शेवंताबाईंचे. राजा कोणी नाही.' आणि माझ्या मृत्यूनंतर जो मेळा भरेल त्यात कलम चार सर्वांसमोर मोठ्याने वाचावे.

कलम ६. चांदीचा कप मेळा भरवणाऱ्या मंडळास परत करावा. त्यात शेवंताबाई दहा वर्षे चहाची पूड ठेवते, तेव्हा आधी घासावा. परीक्षक साहेब हयात असल्यास त्यांना मुशीच्या तेलाची एक बाटली द्यावी. राग नाही. पुढच्या वेळी भिंगाआधी नाक लावावे, एवढेच. आणि राजेसाहेब मी जावई जयदेवरावांना देतो, शिकारीसकट. माझ्यापेक्षा त्यांनीच त्यांना जास्त सांभाळले आहे. मोटारीत मात्र पुन्हा बसवू नयेत.

पुरवणी. वरचा मजकूर सोमवारी लिहून झाला. काल मास्तरांनी तो धर्मराजकडे नेऊन वाचून दाखवला. त्याने ऐकून घेतले आणि वाकस उचलला, असे मास्तरांनी येऊन सांगितले.

आज बुधवारी सकाळी मी ओटीवर पडलो होतो. मांडवातून आवाज आला. टक, टक, टक. बोटाचे पेर, सागवानावर. दाराची चौकट झाली, मागची कमान झाली. एका जागी तो थांबला आणि पुन्हा ठोकले.

मी ओरडलो, "तिथं पाणी मुरलंय, मला ठाऊक आहे!"

आतून उत्तर आले, "ठाऊक हाय तं दुरुस्त का नाय केलास?"

दहा वर्षांनंतरचे हे त्याचे पहिले वाक्य. मी म्हटलं, "माझ्या हाताला ते काम येत नाही."

मग तो येऊन ओटीच्या पायरीवर बसला. मास्तर, शेवंताबाई, जावई सगळे होते.

"गारी मना देतोस?"

"हो."

"आनि खरा कवा सांगशील?"

"लिहिलंय ना. माझ्यामागं."

धर्मराज हसला. "मेल्यावर! लय शाना हाईस. मेलेल्याच्या तोंडाकडं कोन बघनार? खोटा जितेपनी बोललास ना? मंग खरा पन जितेपनी बोल."

जयदेवराव घाबरून मला म्हणाले, "अहो मामा, फॉर्म गेलाय! वाघ लिहिलाय त्यात!"

शेवंताबाई म्हणाली, "वाघ खोडा, जावईबापू. आनि माजा शालू लिवा."

मी मास्तरांना म्हटलं, दुसरा साक्षीदार धर्मराजच घ्या. मास्तरांनी चष्मा सारखा केला. म्हणाले, "ज्याला गाडी मिळायची त्यानंच साक्ष दिली तर उद्या कोणीतरी बोट दाखवील. धर्मराजभाऊ, दोन्हीतलं एक घ्या. गाडी की साक्ष?"

मला वाटले, तो एकवार मांडवाकडे बघेल. त्याने बघितले नाही.

"मना गारी नको," तो म्हणाला. "साक्ष देतो."

सबब कलम पाचमध्ये धर्मराजच्या नावाने दिलेली मोटार आता चंदाला द्यावी. पितळेची पट्टी कायम. कमानीतले पाणी मुरलेले लाकूड धर्मराज काढील, आणि काढलेला तुकडा कागदात गुंडाळून चंदाच्या हाती देईल.

हे मृत्युपत्र माझ्या मरणानंतर अमलात यावे. कलम चारचे वाचन मात्र येत्या रविवारी, माझ्या हयातीत, माझ्याच तोंडाने. जाताना धर्मराज माझ्याशेजारी मोटारीत बसेल. परत मोटारीने यायचे की लाँचीने, ते मी काय बोलतो हे ऐकून ठरवीन, असे त्याने सांगितले आहे.

ठिकाण : करावे
तारीख : १० जानेवारी १९६८, बुधवार

सही : गोटीराम चांगदेव तांडेल

वरील सही लिहून देणाऱ्याने आमच्या डोळ्यांदेखत, शुद्धीत आणि थोडे घाबरून केली आहे.

साक्षीदार १ : कमळाकर मास्तर, शिक्षक, बेलापूर (सही)

साक्षीदार २ : धर्मराज शिवा कोळी, होडी बांधणारा, करावे. सही येत नाही. खूण : एक मासा, शेपटी वर.

(मास्तरांची नोंद : ही खूण धर्मराजभाऊंची आहे याचा पुरावा मागितला असता त्यांनी मोटारीची मागची सीट उचलून दाखवली. खालच्या लाकडात हाच मासा कोरलेला आहे, शेजारी साल १९५३. गोटीरामभाऊंनी तो आज प्रथमच पाहिला.)