फ्रिजच्या बिलापायी शेजारणीवर केलेली तक्रार मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. सहायक अभियंता,
तक्रार व तपासणी कक्ष,
वीज वितरण उपविभाग.

विषय : तळमजल्यावरील शिलाईकाम करणाऱ्या बाईंचा तोडलेला वीजपुरवठा आजच्या आज जोडून मिळण्याबाबत.

संदर्भ : त्यांच्याविरुद्ध मीच केलेला दि. ३ मे रोजीचा वीजचोरीचा तक्रार अर्ज.

महोदय,

खाली सही करणार हा पहिल्या मजल्यावर वडिलांसह राहतो आणि गेली सव्वीस वर्षे फ्रिज दुरुस्तीचा धंदा करतो. धंदा मुद्दाम लिहिला आहे. मागच्या अर्जात तो लिहिताना छाती पुढे काढली होती. या वेळी लिहिताना मान वर होत नाही.

१. एप्रिलचे बिल नेहमीच्या दीडपट आले. घरात मोठे यंत्र एकच, फ्रिज. आणि तो माझ्या हातचा असल्यामुळे त्याचा काही दोष असेल हे मला पटले नाही. गिऱ्हाइकाकडे गेलो की मी आधी दाराच्या रबरात कागद धरून ओढून पाहतो, मग मागची जाळी पुसतो, मग दार घरात कोण किती वेळा उघडते ते विचारतो. स्वतःच्या घरी यातले काहीही केले नाही. थेट खालच्या बाईंकडे बोट दाखवले.

२. जिन्यातील मीटरच्या खोक्यात माझ्या मीटरशेजारून एक जुनी वायर बाईंच्या दाराकडे जाते. ती चोरीची असल्याचे मी लिहून दिले होते. ती घंटेची वायर आहे. घंटा मीच बसवून दिली होती, आणि पैसे घेतले नाहीत म्हणून बाईंनी माझ्या दोन शर्टांच्या कॉलरी उलटवून दिल्या होत्या. तक्रार लिहिताना हे आठवले नाही, असे लिहिण्याचा आता मोह झाला. आठवले होते. पण घंटा बंद पडून बरीच वर्षे झाली, तेव्हा बाईंनी त्याच वायरीवर मशीन चालवले असणार, असे मी मनाशी ठरवून टाकले. आपल्या पथकाने वायर पाहिली, माझी सव्वीस वर्षे ऐकली आणि चौकशी होईपर्यंत बाईंच्या मीटरला सील लावले.

३. दि. १० पासून त्यांच्या घरात वीज नाही. माझा मीटर मात्र होता तसाच पळत राहिला. एवढ्यावरून तरी शहाणे व्हायला हवे होते. त्याऐवजी बाईंनी दुसरीकडून जोड घेतला असावा म्हणून मी दोन दिवस जिन्याच्या भिंती बॅटरी मारून तपासत होतो.

४. दि. १४ रोजी एक पाना घरी विसरल्याने मी भर दुपारी परत आलो. स्वयंपाकघरात वडील (वय ७९) फ्रिजचे दार सताड उघडून, समोर स्टूल टाकून, बनियनवर बसले होते. पाय खालच्या भाजीच्या खणात. खणातली भाजी नीट ताटात काढून, वर ओले फडके घातलेले. मला पाहून ते उभे राहिले. आपल्याच घरात, आपल्याच मुलाला पाहून, शिपायाने साहेबाला पाहून उठावे तसे उठले.

५. याचे कारण मीच. उन्हाळा लागल्यापासून त्यांनी पंखा लावला की मी म्हणायचो, “बाबा, मीटर पळतोय.” एकदा पाहुण्यांसमोर म्हणालो. त्यानंतर त्यांनी पंख्याला हात लावला नाही. फ्रिजबद्दल विचारले तेव्हा त्यांचे उत्तर असे : “पंखा बंदच आहे रे. फ्रिज काय, दिवसभर चालूच असतो. दार उघडं ठेवलं म्हणून त्याला कुठे जास्त लागतंय?” महोदय, पंख्याला सत्तर-पंचाहत्तर वॅट लागतात. दार उघडे राहिले की फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबायचे नाव घेत नाही, आणि वर मागच्या बाजूने खोली तापवतो ती वेगळी. हे मी शेकडो घरांत समजावून सांगितले आहे. वडिलांना कधी सांगितले नाही. त्यांच्यावर फक्त डाफरलो.

६. सगळ्यात जड मुद्दा आता लिहितो. वरील प्रकार दि. १४ चा आणि आज १९ तारीख आहे. मधले पाच दिवस मी गप्प बसलो. फ्रिजवाल्याच्याच घरात फ्रिजने वीज खाल्ली हे बाहेर फुटले तर चारचौघांत हसे होईल, ही भीती. वडिलांनाही “कुठे बोलायचं नाही” अशी तंबी दिली. त्या पाच दिवसांत बाई खिडकीशी बसून हातशिलाईने शाळेचे गणवेश शिवत होत्या, कारण त्यांच्या मशीनला मोटर आहे, पायाने चालवायचे पायडल नाही. शाळा उघडायच्या आत साठ गणवेश द्यायचे आहेत. ते वेळेत गेले नाहीत तर शाळा काम दुसऱ्याला देणार, आणि बाईंचे घर त्या एकाच कामावर चालते. हे सगळे मला ठाऊक होते. मी जिन्यातून खाली मान घालून जात-येत होतो.

वडिलांनी माझी तंबी जुमानली नाही. काल सकाळी खाली जाऊन त्यांनी बाईंना सर्व सांगून टाकले. बाई म्हणाल्या, “काका, घरात उकडत असेल तर इथं दारात बसत जा, वारा येतो.” मला त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. चार शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते. कालपासून वडील त्यांच्या दारात बसून गणवेशांना बटणे लावत आहेत.

तरी विनंती की, बाईंच्या मीटरचे सील आजच काढावे. पुन्हा जोडणीचा आकार माझ्या बिलात लावावा. खोट्या तक्रारीबद्दल जी कारवाई असेल ती माझ्यावर करावी, तीत कसूर करू नये. आणि नोंदवहीत बाईंच्या नावासमोर ‘संशयित’ असा जो शेरा आहे तो नुसता न खोडता, चूक कोणाची होती ते तिथेच लिहावे.

आपला, या वेळी खरोखर नम्र,
(सही)
फ्रिज दुरुस्ती कारागीर, पहिला मजला
दिनांक : १९ मे

सोबत :
१) एप्रिलचे वीजबिल
२) जिन्यातील घंटेच्या वायरीचा दोन्ही टोकांसह फोटो
३) तक्रार मागे घेताना आपल्या कार्यालयाच्या खिडकीवर मागितल्याप्रमाणे, प्रत्यक्ष माहिती असलेल्या साक्षीदाराची सही (खाली)

साक्षीदार : दार मी उघडत होतो. मुलाला आजपर्यंत यातले काही माहीत नव्हते. कारागीर म्हणून तो चांगला आहे, साहेबांनी हे त्याच्या धंद्यावर येऊ देऊ नये. (सही, वडील)

ता. क. : मी वडिलांना फक्त सही करायला सांगितले होते. सहीच्या वरचा मजकूर त्यांनी मी चहा टाकायला उठलो तेव्हा आपल्या मनाने लिहिला आहे. तो खोटा आहे. कृपया तो ग्राह्य धरू नये.