कमी करंटचा ट्रान्सफॉर्मर

शनिवार, ८ मार्च २०२५
हिच्या बहिणीने अमेरिकेहून कणीक मळायचं मशीन पाठवलं. हिचा खांदा आखडलाय, डॉक्टरांनी कणीक तिंबायला सक्त मनाई केलीये, आणि या बाईने होळीसाठी सोसायटीत पन्नास पुरणपोळ्यांची ऑर्डर घेतलीये! आयुष्यातली पहिली ऑर्डर. तीन दिवस जमिनीवर पाय नाहीत.
मशीन ११० व्होल्टचं. आपल्याकडे २३०. मध्ये ट्रान्सफॉर्मर लागतो. तो मी आणणार, असं मीच जाहीर केलं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
अवधूतचा फोन. हिचा धाकटा भाऊ. इलेक्ट्रिकल इंजिनिअर, म्हणून आगाऊ. म्हणाला, मशीन तीनशे वॉटचं आहे, ट्रान्सफॉर्मर पाचशेचा घ्या. हसूच आलं. पाचशेचा ट्रान्सफॉर्मर तीनशेच्या मशीनमध्ये पाचशेचा करंट कोंबणार. मशीन जळणार. साधं लॉजिक आहे! याला डिग्री कोणी दिली?

सोमवार, १० मार्च
धायरीहून बुधवार पेठ. पार्किंग नाही. डोकं आऊट.
सर्वांत छोटा, शंभरचा ट्रान्सफॉर्मर मागितला. कमी करंट, मशीन सेफ. दुकानदार म्हणाला, करंट ट्रान्सफॉर्मर ढकलत नसतो, मशीन ओढतं. काम जड झालं की जास्त ओढतं, मग छोटा ट्रान्सफॉर्मर तापतो. मी म्हटलं, दुकान आहे की शिकवणी? तो म्हणाला, दुकानच आहे, म्हणून एकदाच सांगितलं. उद्धट मेला.

मंगळवार, ११ मार्च
ट्रायल. भांडं रिकामं ठेवून मशीन लावलं. भिंगरीसारखं फिरलं! ट्रान्सफॉर्मर गारेगार, नुसता गुणगुणतोय. अवधूतला व्हिडिओ पाठवला. त्याचं उत्तर आलं, भावजी, आता कणीक घाला. जळतो माझ्यावर.

दुपारी
दोघांपुरती कणीक मळली. ट्रान्सफॉर्मर थोडा गरम. थोडा म्हणजे हात ठेवता येतो. नवी वस्तू तापतेच.
ही म्हणाली, रिकामं होतं तेव्हा गार आणि कणीक घातल्यावर गरम, म्हणजे ओझं झेपत नाहीये का त्याला? अवधूतला विचारू का? मी म्हटलं, अजिबात नाही. घरात मी असताना!
संकल्प: गुरुवारी ट्रान्सफॉर्मरशेजारी टेबल फॅन लावायचा.

बुधवार, १२ मार्च
ही सारखी पूर्वाचं नाव घेतेय. सी विंगमधली पूर्वा बारा वाजता डबे न्यायला येणार, तिला पोळ्या आवडल्या तर ती सगळ्या ग्रुपवर टाकणार. मी म्हटलं, निवांत झोप.

गुरुवार, १३ मार्च, सकाळी ७
होळी. पुरण तयार. मशीनला हळदकुंकू. दीड किलोचा पहिला घाणा घातला. फॅन फुल.

७.१५
ट्रान्सफॉर्मर गुणगुणत नाहीये, घुरघुरतोय. कामाला लागला म्हणायचा.

७.२०
वास येतोय. पुरण लागलं असावं.

७.२५
पुरण नव्हतं.

७.४५
धूर गेला. मशीन ठीक आहे, ट्रान्सफॉर्मर संपला. हिने अवधूतला फोन केला आणि अर्धवट कणीक परातीत काढून मळायला बसली. दुसऱ्याच दाबाला कळवळली. डोळ्यांत पाणी. म्हणाली, पहिलीच ऑर्डर होती हो.
फार वाईट वाटलं. परात ओढून घेतली. मी मळतो म्हटलं. मळणं म्हणजे काय, दाबायचं आणि दुमडायचं.

८.३०
कणीक सैल. पीठ घातलं. घट्ट. पाणी घातलं. चष्म्यावर कणीक. माझाही खांदा गेला. पण मळतोय! हिच्यासाठी मळतोय!

८.४५
अवधूत आला, पाचशेचा ट्रान्सफॉर्मर घेऊन. विचारलं, दुकानं उघडायच्या आधी मिळाला कुठे? म्हणाला, भावजी, तुमच्यावर पूर्ण विश्वास होता, म्हणून सोमवारीच आणून ठेवला होता.
लावला. मशीन जळेल म्हणून मी दाराआड उभा राहिलो. जळलं नाही. तापलंही नाही.
हिने माझ्या कणकेत बोट खुपसून पाहिलं. मग सगळा गोळा उचलून मशीनमध्ये घातला.

१२.३०
पूर्वा डबे घेऊन गेली. एक पोळी दारातच खाल्ली, डोळे मिटून. म्हणाली, काकू, अशी लुसलुशीत कणीक मळतं तरी कोण?
मी मुद्दाम पुढे झालो. कोपरापर्यंत पीठ तसंच ठेवलं होतं.
ही म्हणाली, मशीन.