पदाखालची ओळ

रुरमोंड,
६ ऑक्टोबर १९९१

प्रिय डीन,

सा. न. वि. वि. तिकडच्या वाऱ्यात तू आणि तुझ्या कुंड्या जागेवर असाल, असं धरून चालते.

तू इतकी वर्षं बोलावते आहेस, तर आता ऐक. नॉर्थ बेरिकला समुद्राकाठी जो वृद्धाश्रम आहे, तिथे एक वर्षासाठी माणूस हवंय. आगगाडीने तुझ्यापासून अर्ध्या तासावर. तिथल्या प्रमुख मिसेस इमरी यांना माझी प्रमाणपत्रं इंग्रजीत हवीत, आणि तीही अधिकृत अनुवादकाकडून. म्हणजे तुझ्याकडून. सोबत पाठवते आहे.

आईची काळजी करू नकोस. ती आमच्याच आश्रमात राहायला तयार आहे. स्वतः येऊन मास नदीच्या बाजूची खोली पसंत केली. मी पडद्यांना राखाडी कापड काढलं, तर मला ऐकवलं की तिला अजून पुरायचं नाहीये. पिवळं घेतलं.

बाबा गेल्यापासून आईजवळ मी आहे आणि दिवसभर आश्रमात दुसऱ्यांचे आईबाप. तक्रार नाही, काम मला आवडतं. पण एक वर्ष मला समुद्र बघायचाय आणि रविवारी कुणाच्या तरी हातची कॉफी प्यायचीय. शाळेत सिस्टर फिलोमेनाकडे वही देण्याआधी तू माझं इंग्रजी तपासायचीस, आठवतं? माझी एकही चूक तू कधी पुढे जाऊ दिली नाहीस. म्हणून निश्चिंत आहे.

आईचे आशीर्वाद. माया आहे तेवढी राहू दे, कॉफी जास्त कर.

तुझी,
गोंडा

०

एडिंबरा,
२० ऑक्टोबर १९९१

प्रिय गोंडा,

अनेक आशीर्वाद. कागद मिळाले, अनुवाद करून शिक्क्यासह थेट मिसेस इमरींकडे पाठवून दिले. तू पुन्हा काही पाठवायची गरज नाही.

आपल्या डच पदांची नावं म्हणजे मालगाडी असते गं, डब्यामागून डबे. इथल्यांनी ती पूर्ण वाचेपर्यंत चहा निवतो. रुग्णालयातल्या परिचारिकेला त्यांच्याकडे नाव आहे, झाडूपोछा करणारीला आहे, पण तू जे करतेस त्याला नेमकं नाव नाही. आपल्याकडे तीन वर्षं शिकवून जे पद देतात, ते इथे कुठल्या खणात ठेवायचं हेच लोकांना कळत नाही. तेव्हा फार आशा धरू नकोस, एवढंच मोठी बहीण म्हणून सांगते.

मागची खोली तुझ्यासाठी रंगवून घेतली आहे. फिकट निळी. आईच्या पायांची सूज कशी आहे? सकाळी तिला ते घट्ट मोजे तूच चढवत जा, दुसऱ्या कुणाला ती पाय धरू देत नाही.

जपून राहा आणि मला मनातून उतरवू नकोस.

तुझी,
डीन

०

रुरमोंड,
१० नोव्हेंबर १९९१

प्रिय डीन,

सा. न. वि. वि. मिसेस इमरींचा नकार आला. फार सभ्य बाई आहेत. लिहितात की घरकामाला त्यांच्याकडे गावातल्या बायका पुरेशा आहेत, एवढ्या लांबून मदतनीस आणणं बरं दिसणार नाही.

आधी मला वाटलं, दुसऱ्याच कुणाचं पत्र माझ्या पाकिटात आलं. मग वाटलं, तुझं काम वाढलंय, नजरचूक झाली असेल. तुला तसं लिहायला बसलेही होते. तेवढ्यात माझी मैत्रीण वीस लीड्सहून सुट्टीवर आली. माझ्याच वर्गात शिकलेली, माझ्याच मजल्यावर काम केलेली वीस. तिचे कागदही तूच केले होतेस, माझ्या सांगण्यावरून. तिच्या पदाचं तू इंग्रजीत प्रशिक्षित वृद्धसेविका असं केलंस आणि खाली एक ओळ घातलीस: तीन वर्षांचं शिक्षण, औषधं देते, जखमा बांधते, मरणाऱ्याजवळ बसते. त्या ओळीवर तिला नोकरी मिळाली. तिने ती अजून जपून ठेवली आहे. मला वाचून दाखवताना हसत होती, मग माझ्याकडे बघून तिने कागदाची घडी केली.

मिसेस इमरींनी नकारासोबत परत पाठवलेला तुझा अनुवाद मी पुन्हा काढून बघितला. माझ्या पदाचं तू घरकामाची मदतनीस केलंस. खाली ओळ नाही.

म्हणजे नाव होतं, डीन. तुला ते माहीत होतं. जर्दाळूचा व्लाय भाजला होता, तो अख्खा गोड केक वीसने एकटीनेच खाल्ला. तू असं का केलंस, एवढं सांग. मला रागवायचं आहे, पण कशावर ते कळल्याशिवाय जमत नाही.

गोंडा

०

एडिंबरा,
२१ नोव्हेंबर १९९१

प्रिय गोंडा,

आशीर्वाद लिहायचा धीर होत नाही.

आईचा फोन आला होता. तू रविवारी चर्चला गेलेली असताना. रडली नाही. रडली असती तर मी तिला दटावलं असतं. शांतपणे म्हणाली की पडदे तिने तुझं मन राखायला निवडले, तू खरंच जाशील असं तिला वाटलंच नव्हतं. नकार तिकडूनच येऊ दे, म्हणजे घरात कुणी वाईट ठरणार नाही, असं तिचं म्हणणं. मी नाही म्हणायला हवं होतं. पण ती तुझ्याशिवाय खचली, तर बोलावणं मला येईल, आणि मी तिथे परत येऊन राहू शकत नाही. हे मी तिला बोलले नाही, आज तुला लिहिते आहे.

एक शब्द खाली उतरवला आणि एक ओळ गाळली. खोली मात्र खरंच रंगवली होती, फोन यायच्या आधी.

मी सांगितलं हे आईला कळू देऊ नकोस. मला दोन शब्द लिही, कसलेही.

डीन

०

रुरमोंड,
६ डिसेंबर १९९१

डीन,

आईला काही बोलले नाही. तू आधी माझ्याविरुद्ध तिची झालीस, मग तिचं नाव मला सांगून मोकळी झालीस. आता मीही तुमच्या दोघींत सामील होऊ का?

मिसेस इमरींना मीच पत्र लिहिलं, सिस्टर फिलोमेनाच्या इंग्रजीत. पदाचं नाव घातलंच नाही. मी सकाळपासून काय काय करते ते लिहिलं. कुणाला टोचायचं, कुणाला भरवायचं, कुणाशी भांडायचं, कुणी गेलं की आधी खिडकी उघडायची. चुका असतील. या वेळी तपासायला कुणी नव्हतं. त्यांचं उत्तर आलं, जानेवारीत या. राहायला खोली आश्रमच देतो, तेव्हा तुझ्या निळ्या खोलीत तू कुंड्या ठेव.

कॉफीच्या वेळी आईला सांगितलं. ती बराच वेळ चमचा फिरवत राहिली. मग विचारलं, मोजे कोण चढवणार. मी म्हटलं, माझ्यासारख्याच शिकलेल्या बायका आहेत तिथे. त्यावर म्हणाली की पिवळा रंग नदीच्या उन्हात टिकत नाही. काल पडदे लावले. आज सकाळी तिने स्वतःहून पाय पुढे केला, आणि मी मोजा चढवला, रोजच्यासारखाच, सुरकुती न पाडता. डोळे वर करून बघितलं नाही, ना तिने ना मी.

सेंट निकोलसच्या सणाला तुला दरवर्षी तुझ्या नावाचं पहिलं अक्षर चॉकलेटचं पाठवते. यंदाचा ‘डी’ नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच घेऊन ठेवला होता, नकाराच्या आधी. टाकून द्यायला हात धजला नाही आणि पोस्टाने पाठवायलाही नाही. आईच्या नव्या खोलीत खिडकीशी ठेवला आहे. तिथे येशील तेव्हा घे.

मायेचं या पत्रात काही मागत नाही.

गोंडा